आक्काच्या वहीची मागची पाने

सांगलीचे घर विकायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मला आक्काची वही मिळाली. आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. घरात सगळेच तिला आक्का म्हणत, म्हणून आम्ही भाचरेही तेच म्हणू लागलो. वही हिशेबाच्या चोपडीसारखी लांबट, जाड पुठ्ठ्याची. उजव्या हाताच्या प्रत्येक पानावर मांजरपाटाचा किंवा दसुतीचा एकेक चौकोनी तुकडा कडेने टाचलेला. धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, रफू, चौकोनी ठिगळ, गोट, चुण्या. पुढे साखळी टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका. प्रत्येक तुकड्याखाली बारीक अक्षरात टाक्याचे नाव, साल आणि मराठी महिना.

गावातल्या एका महाविद्यालयात ‘घरातली कला’ या विषयावर प्रदर्शन भरणार होते. तिथे ही वही द्यावी असे वाटले. सोबत भरून द्यायच्या कार्डावर वस्तू, काळ आणि प्रकार असे रकाने होते. प्रकारात तीन पर्याय: धार्मिक, व्यवसाय, छंद. मी सहज ‘छंद’वर खूण केली. आमच्या घरात आक्काबद्दल तेच बोलले जाई. “आक्काला शिवणाची भारी हौस.” वडील हे वाक्य शेवटपर्यंत म्हणत. पुढे चार दिवसांनी मी ती खूण खोडली. ती का खोडावी लागली, हे समजून घेताना मला घरातल्या सुईच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले.

मराठी मुलखात कापड शिवणे हा मुळात पुरुषांचा धंदा. अंगरखा, बाराबंदी, टोपी, तंबू, झूल हे सारे शिंप्याने शिवायचे. संत नामदेव शिंपी समाजातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांत गज आणि कात्री भक्तीची रूपके होऊन येतात. बायकांच्या अंगावर लुगडे असे आणि त्याला टाकाही लागत नसे. शिवायची ती चोळी. तीही खणातून जराही चिंधी वाया न घालवता बेतायची आणि पुढे गाठ मारायची. बटण नाही, काज नाही.

पण म्हणून घरात सुई नव्हती असे नाही. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने जोडून केलेली गोधडी घरातच होई. बाळंतविड्यातली झबली, टोपरी, कुंची, दुपटी आजी-मावश्या शिवत. दारावरचे मण्यांचे तोरण आणि उंबऱ्याबाहेरची रांगोळीही त्याच हातांची. यातल्या कशालाच कोणी छंद म्हणत नव्हते, आणि कामही म्हणत नव्हते. गोधडी ‘घातली’ जाई, तोरण ‘केले’ जाई. करणारीचे नाव त्यावर नसे आणि करायला किती दुपारी लागल्या हे कोणी मोजत नसे.

सुईला अभ्यासाचा विषय केले ते शाळेने. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२९ मध्ये मार्गारेट विल्सन यांनी मुंबईतच मुलींच्या शाळा सुरू केल्या. मिशनच्या अशा शाळांत वाचन, लेखन, धर्मशिक्षण यांच्या जोडीला शिवण असे. आक्काच्या वहीचे मूळही तिथवर पोचते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-आयर्लंडमध्ये गरीब मुलींच्या शाळांत अशा वह्या करवून घेत. एका पानावर हेम, दुसऱ्यावर काज, तिसऱ्यावर रफू. कुठे तळहाताएवढा सदरा पानावर टाचलेला. पुढे मोलकरीण म्हणून किंवा शिवणकामावर नोकरी मागताना मुलीला ती दाखवता येई. म्हणजे ‘नमुना’ हा प्रथमपासून दुसऱ्याने तपासण्यासाठी केलेला टाका होता. आक्काच्या वहीतल्या पहिल्या तीसएक तुकड्यांच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची बरोबरची खूण आहे, तिचा अर्थ मला तेव्हा कळला.

पुढे या सुईवरून पुण्यात वादही झाला. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल काढले. तेच आजचे हुजूरपागा. तिथे इंग्रजी आणि इतर विषय मुलांच्या शाळेसारखे शिकवले जाऊ लागले, तेव्हा १८८७ मध्ये टिळकांनी ‘मराठा’ पत्रातून त्या अभ्यासक्रमावर हल्ला चढवला. मुलींना पुढे संसार करायचा आहे, तेव्हा त्यांना मातृभाषा, नीतिशिक्षण, शिवणकाम असे घरोपयोगी विषय शिकवावेत. घरकामाला वेळ उरावा म्हणून शाळेची वेळही थोडी ठेवावी, असे त्या टीकेचे सूत्र होते. या वादात सुई बिचारी विनाकारण एका पक्षात सापडली. मुलीने किती शिकावे याची मर्यादा दाखवायला तिचा उपयोग झाला. पुढे कित्येक सुशिक्षित स्त्रिया शिवणाकडे जरा आकसाने पाहत, त्याचे मूळ अशा वादांत असावे असे मला वाटते. माझा स्वतःचाही तोच आकस होता. शाळेत शिवणाच्या तासाला मी मांडीवर पुस्तक ठेवून वाचत असे आणि आक्का माझा रुमाल पुरा करून देई.

या वादाच्याच काळात शिवणयंत्र आपल्याकडे रुळू लागले होते. एलियास हाउ या अमेरिकनाला यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये. त्याआधी फ्रान्समध्ये थिमोनिए याने यंत्र बनवले होते, पण पोटावर पाय येईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी त्याचा कारखानाच मोडून टाकला. सिंगर कंपनीची खरी करामत यंत्रापेक्षा विक्रीत होती. १८५६ पासून तिने यंत्र हप्त्याने द्यायला सुरुवात केली. हिंदुस्थानात १८८० च्या दशकाअखेरीपासून नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ तिचे मुख्य एजंट होते. आरंभी यंत्र घेतले ते बहुतेक दर्जीलोकांनी. आज बाजारपेठेत दुकानाच्या ओट्यावर पायमशीन चालवणारा शिंपी आपल्याला पुराणकाळापासूनचा वाटतो, पण तो दीडशे वर्षांच्याही अलीकडचा आहे.

यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही या एका यंत्राला सूट दिली. १९२४ मध्ये एका तरुणाशी झालेल्या संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राचे कौतुक केले. बायको हाताने शिवता शिवता शिणते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी यंत्र बनवले, अशी कथा त्यांनी सांगितली. कथा गोड आहे, पण सिंगरच्या चरित्राशी ती जुळत नाही. हा गृहस्थ नाटकांत कामे करणारा, एकाच वेळी अनेक संसार थाटणारा आणि पेटंटच्या दाव्यांत पक्का मुरलेला होता. मला मात्र त्या कथेतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घरात बाई शिवते आणि शिणते, म्हणजे ते श्रमच आहेत, हे गांधीजींनी त्यात गृहीत धरले होते. आमच्या घराने तेवढेही धरले नव्हते.

१९०९ या सालापाशी मला थांबावे लागले. त्या वर्षी २ ऑक्टोबरला रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन सुरू झाले. मुंबईचे सेवासदन मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी आदल्याच वर्षी काढले होते. रमाबाईंना स्वतःला वैधव्य येऊन आठ वर्षे झाली होती. विधवेला घरात भाकरी मिळते, पण ती कोणाच्या तरी मर्जीची असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. सेवासदनात शिवण आणि भरतकामाचे वर्ग निघाले ते दुपार घालवायला नव्हे. चार पैसे मिळवता यावेत म्हणून. मुलीचे शिक्षण आखडते घेण्यासाठी पुढे केलेली सुई रमाबाईंनी हातात घेतली आणि तिचे टोक फिरवले.

नेमके त्याच वर्षी का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून आपण त्याचे नाव घेतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोन्हींच्या मागे एकच नवे घर दिसते. पगारी नोकरीचे, शहरातले, दुपारी थोडी उसंत असलेले आणि त्या उसंतीचे काय करावे याचा विचार करणारे घर. याच घरांत १८९४ मध्ये निघालेल्या रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे लागली होती. कित्येक बायकांनी त्या छापील देवींना खऱ्या कापडाची साडी डकवली, जर लावली, टिकल्या आणि मणी शिवले. आमच्या देवघरात अशी एक लक्ष्मी होती. पदराचा जर काळवंडलेला, पण निऱ्या अजून उठून दिसत. छापखान्यातून हजारांनी निघालेले चित्र त्या चार बोटे जरीने आमच्या एकट्यांचे झाले होते. ते कोणी केले हे विचारायचे मात्र आम्हाला कधी सुचले नाही.

आक्काचा जन्म १९१८चा. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले आणि ती माहेरी परतली. पुण्यात एका नातलगाकडे राहून तिने शिवणवर्ग पुरा केला. वहीतली तांबड्या खुणांची पाने तेव्हाची, १९३८-३९ची. तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली होती. त्यांचे वडील नामवंत चित्रकार, त्यामुळे घरातच रंग, घरातच गुरू. मुलीची चित्रे हे तिचे काम आहे असे मानणारा माणूस घरात होता. बोटांत कसब असलेल्या मुली त्या काळी घरोघर होत्या, पण असा माणूस फार थोड्या घरांत होता.

१९३० पासून किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघू लागले होते. सांगलीहून ते गाव जवळच. कुठल्या तरी मासिकातून कापलेला लोकरीच्या स्वेटराचा नमुना आक्काच्या वहीत घडी करून ठेवलेला आहे. फावल्या वेळात स्त्रीने काही कलाकुसर करावी, असे आता छापून येत होते. ‘फावला वेळ’ हा शब्दप्रयोग सुखाचा वाटतो, पण त्यातही एक सक्ती दडलेली होती. लग्नाच्या मुलीला भरतकाम, विणकाम येते का, हे पाहायला येणारे विचारीत. रुखवतात उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, मण्यांचा गणपती मांडला जाई आणि वरपक्षाच्या बायका तो उलटा करून मागची टीप पाहत. हौसेचीही परीक्षा होती. आक्काला मात्र ती परीक्षा पुन्हा द्यायची नव्हती. मग तिने कोणासाठी भरले?

चार दिवसांनी मी वही सहज उलटी केली. मागच्या पुठ्ठ्याकडून, खालची बाजू वर धरून, ती दुसऱ्यांदा सुरू होत होती. नमुन्यांचे तुकडे तिने बाहेरच्या कडेलाच का टाचले होते तेही तेव्हा लक्षात आले. त्यांच्या मागच्या बाजूंवर पेन्सिलीने हिशेब होता. पोलकी, परकर, झबली, चोळ्या, शाळेचे गणवेश. पुढे आणे-पैसे. नावांच्या जागी नुसती अक्षरे किंवा ‘वाड्यातल्या’, ‘पोस्टातल्या’, ‘गल्लीतल्या’. दरमहा एका तारखेला ‘मशीन’ आणि पुढे खूण. मशीन आजोबांनी आणून दिले, आक्काचे मन रमावे म्हणून, ही आमच्या घरातली पक्की गोष्ट. हप्त्यांच्या खुणा मी मोजल्या. शेवटच्या खुणेखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. मशीन आजोबांच्या नावावर आले असेल, पण फेडले आक्काने.

त्याहून मला हलवून गेली ती दुसरी नोंद. १९४२ ते १९४६ या वर्षांत, वर्षाला दोनदा: ‘भाऊ, फी’. भाऊ म्हणजे माझे वडील. त्या चार वर्षांत ते पुण्यात इंजिनियरिंगला होते. आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, हे ते आम्हाला नेहमी सांगत. त्याच बैठकीत, त्याच तोंडाने, आक्काच्या शिवणाच्या हौसेचे कौतुकही करीत.

आई आता नव्वदीत आहे. तिला मी वही दाखवली. तिने चष्मा न लावताच ती ओळखली.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“अगं, सगळ्यांनाच माहीत होतं,” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी बजावलं होतं, आक्का शिवते ते हौसेनं, असंच सांगायचं. लेकीच्या कमाईवर घर चालतं म्हटलं तर लोक काय म्हणतील?”

“आणि आक्का?”

“तीही हसून तेच सांगायची.”

वडिलांवर मी रागावले, ते गेल्यानंतर इतक्या वर्षांनी. ‘छंद’वरची खूण खोडली ती त्याच दिवशी आणि ‘व्यवसाय’वर केली. हिशेब मिटला असे वाटले. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मग मी दोन्ही बाजूंचे महिने शेजारी मांडून पाहिले आणि पुन्हा अडखळले.

मागच्या पानांवर ज्या महिन्यांत नोंदींची गर्दी आहे, त्या महिन्यांत पुढच्या पानांवर काहीच नाही. लग्नसराई, दिवाळी आणि शाळा सुरू होण्याचे दिवस, तेव्हा आक्का फक्त दुसऱ्यांचे शिवत होती. आषाढ, श्रावण आणि पौषात लग्ने नसतात. त्या महिन्यांत हिशेब विरळ होतो आणि बरोबर तिथेच पुढच्या पानांवर नवे तुकडे येतात. हे तांबड्या खुणा संपल्यानंतरचे तुकडे. तपासणारे कोणी नाही, विकत घेणारे कोणी नाही. साखळी टाक्याने भरलेली कारल्याची वेल. दसुतीवरचा पोपट, त्याचा एक पंख पुढून आणि दुसरा मागून भरलेला, जणू कापडातून आरपार उडणारा. एकाच पानाच्या पाच छटा हिरव्या रेशमात, आणि प्रत्येक छटेखाली लडीवरचा रंगाचा आकडा लिहून ठेवलेला. एका तुकड्याखाली टाक्याचे नाव आहे, पण ते मला कोणत्याच पुस्तकात सापडले नाही. टाका तिने स्वतःच काढलेला असावा. अभ्रा, रुमाल, पडदा, कशासाठीच न केलेले हे भरतकाम १९५६ पर्यंत, वर्षातून दोन-तीन महिने, सतत चालू आहे.

म्हणजे घरातले लोक खोटे बोलत होते, पण त्यांच्या तोंडून निघालेला शब्द अगदीच खोटा नव्हता. हौस होती. फक्त ती ते दाखवत होते तिथे नव्हती. त्यांनी तिच्या श्रमांना हौस म्हटले, आणि तिची खरी हौस आषाढाच्या अंधाऱ्या दुपारी कोणाच्या नजरेस न पडता होऊन गेली.

‘हौस’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसी ‘हवस’वरून आला. ‘छंद’ संस्कृतातला. त्याचा एक जुना अर्थ स्वतःची इच्छा, मर्जी. ‘स्वच्छंद’ या शब्दात तो अजून जिवंत आहे. आज आपण छंद म्हणतो तेव्हा त्यात बिनमहत्त्वाचे, पोट भरल्यावरचे, असा सूर असतो. आक्काचे पोट तिच्याच सुईवर भरत होते. आणि पोटाचे काम झाल्यावर तीच सुई तिने स्वतःच्या मर्जीने चालवली, वर्षाकाठी दोन-तीन महिने. तिच्या आयुष्यात तिच्या मर्जीची एवढीच जागा मला सापडली आहे. तिला छंद म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

मी आता कार्डावर दोन्ही खुणा केल्या आहेत. प्रदर्शन मांडणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, काचेच्या पेटीत वही एकाच पानावर उघडी ठेवता येईल.” मी तिला म्हटलं, रोज दुपारी एकदा ती उलटून ठेव. तिने ते वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, सुरुवात कुठल्या बाजूने करू?

मी मागची बाजू सांगितली. पोपट लोकांना आवडेलच, पण आधी त्यांनी ‘भाऊ, फी’ वाचावे.